सहीसाठी अडलेलं प्रभुभोजन

सलाम, पाळकसाहेब.
मी चिंचवडला राहते, माहेर नगर जिल्ह्यातलं. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. पप्पा दोन वर्षांपूर्वी प्रभूत निजले. नोकरीच्या पैशातून त्यांनी चार एकर जमीन घेतली होती, विहिरीसकट. मृत्युपत्र केलेलं नाही. मोठा भाऊ मास्तर आहे आणि गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंचही आहे. धाकटा शेती बघतो, आई त्याच्याकडे असते. ईस्टरनंतर दोघं हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आमच्या घरी आले. आईची सही आधीच घेतलेली होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यावर मोठा म्हणाला, "घरात एकी राहावी ही देवाची इच्छा आहे. सही करत नाहीस म्हणजे देवाची आज्ञा मोडतेस. आणि असं मन ठेवून प्रभुभोजन घेतलंस तर दंड ओढवून घेशील." बायबलमधलं करिंथकरांस पत्र उघडून त्यानं वाचूनही दाखवलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाआधीचं, म्हणजे भाकर आणि प्याला वाटण्याआधीचं, गीत सुरू झालं की मी उठून बाहेर येते आणि चपला घालून फाटकाशी उभी राहते. धाकटी मुलगी विचारते, "मम्मी, तू का थांबत नाहीस?" यंदा माहेरी नाताळचा फराळही पाठवला नाही, तिकडूनही आला नाही. यजमानांची कंपनी बंद पडली आहे, मुलींची शिक्षणं चालू आहेत, त्या हिश्श्याची आम्हाला गरज आहे. पण खरं सांगते, मला भावाचा फार राग येतो. प्रार्थनेला डोळे मिटले की त्याचाच चेहरा समोर येतो. सही करून मोकळी होऊ का? मी खरंच देवाची आज्ञा मोडते आहे का?
एक बहीण, चिंचवड

ताई, सलाम.

येत्या पहिल्या रविवारी बाहेर येऊ नका. बाकावर बसून राहा आणि प्रभुभोजन घ्या. हे आधी सांगतो, कारण पत्रात तुम्ही सहीचा प्रश्न पहिला आणि प्रभुभोजनाचा दुसरा धरला आहे. माझ्या मते क्रम उलटा आहे. सहीला घाई नाही. मसुद्याची नोंदणी झालेली नाही, जमीन जागच्या जागी आहे. प्रभुभोजनाच्या मेजापासून मात्र तुम्ही कितीतरी महिने उपाशी परत येताय, आणि तेही एका अशा वचनाच्या धाकानं, जे तुमच्यासारखीला बाहेर काढायला लिहिलेलंच नव्हतं.

भावानं वाचून दाखवलेला भाग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातला. २७ ते २९ ही वचनं आपल्याकडे तयारीच्या उपासनेत इतक्या वेळा वाचली जातात की लोकांना पाठ असतात, आणि पाठ झाली की त्यांच्या आधीचं आणि नंतरचं कुणी वाचत नाही. तुम्ही १७व्या वचनापासून वाचायला सुरुवात करा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण असायचं, कुणाच्या तरी घरी. ज्यांच्याकडे घरदार होतं, सवड होती, ते आपापलं आणलेलं आधीच खाऊन घेत. बाकीचे येईपर्यंत काही उरत नसे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, एक जण भुकेला राहतो आणि दुसरा प्यायलेला असतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं तो स्पष्ट म्हणतो. दंडाची भाषा येते ती या लोकांसाठी, मेजावर बसून दुसऱ्याच्या वाट्याचं खाणाऱ्यांसाठी. आणि अध्याय संपताना तो उपाय सांगतो तोही किती साधा आहे पाहा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

म्हणजे ज्या अध्यायानं भावानं तुम्हाला उठवलं, तो अध्याय कमी वाटा मिळालेल्या माणसाच्या बाजूनं लिहिलेला आहे. हे मी भावाला झोडपण्यासाठी सांगत नाही. त्यानं काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे त्याचं त्यानं देवापुढे तपासावं, ते तपासायचं काम तुमचंही नाही आणि माझंही. पण तुमच्या डोक्यावर त्यानं ठेवलेलं ओझं पौलानं ठेवलेलं नाही, एवढं पक्कं धरा.

आता आज्ञापालनाकडे येतो. तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणं कसं असतं, याचं सगळ्यात मोठं चित्र आपल्याला ज्या रात्री मिळालं ती आणि प्रभुभोजनाची रात्र एकच आहे. वरच्या माडीत भाकर मोडली गेली आणि मग प्रभू शिष्यांना घेऊन गेथशेमाने बागेत गेला. मेजावर कोण कोण होतं ते आठवा. लूकच्या शुभवर्तमानात प्याला दिल्यानंतर प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. शिष्य पेत्र होता, जो प्रभूला कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणार होता. आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वादही लूक त्याच मेजावर झालेला दाखवतो. निवळलेली, समेट झालेली, मनं धुऊन आलेली माणसं एकही नव्हती. भाकर त्यांना दिली गेली.

आणि बागेत काय झालं? येशूनं पहिल्या झटक्यात "होय" म्हटलं नाही. हे टळू शकत असेल तर टळू दे, असं त्यानं पित्याला सांगितलं. मत्तय सांगतो की तो तीनदा जाऊन प्रार्थना करून आला. मध्ये उठून मित्रांना पाहायला आला, ते झोपलेले होते. माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हे शब्द त्याच्या तोंडून घाम गाळून आले. त्या रात्री त्याच्याकडून ते वदवून घ्यायला कुणी समोर उभं नव्हतं. कुणी मसुदा पुढे केला नव्हता. त्याच्या "होय" म्हणण्यानं जे व्हायचं होतं त्याची किंमत तो स्वतः देणार होता आणि लाभ दुसऱ्यांचा होता. इब्री लोकांस पत्रात तर म्हटलं आहे की पुत्र असूनही तो दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला. त्याला शिकायला वेळ लागला, तर तुम्ही "विचार करून सांगते" म्हटलंत यात अवज्ञा कुठे आली?

कुणी "ही देवाची इच्छा आहे" असं तुम्हाला सांगितलं की मी तरी एक गोष्ट बघायला सांगतो: त्या इच्छेची किंमत कोण मोजणार आहे आणि फायदा कुणाच्या पदरात पडणार आहे? सांगणारा स्वतः किंमत मोजत असेल तर मी खुर्ची ओढून ऐकायला बसतो. सगळी किंमत ऐकणाऱ्यानं मोजायची आणि सातबाऱ्यावर नाव सांगणाऱ्याचं लागायचं, असं असेल तर ती कदाचित देवाची इच्छा असेलही, पण तिला दुसऱ्या साक्षीदाराची गरज आहे.

मराठी ख्रिस्ती बाईला हा प्रश्न काही नवा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्यांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या तिथल्या धर्मभगिनींची पत्रापत्री चालू होती. रमाबाईंनी प्रश्न विचारले, शंका काढल्या, शिकवलेलं सगळं जसंच्या तसं स्वीकारलं नाही. त्यांना हट्टी, गर्विष्ठ ठरवलं गेलं. त्यांनी कळवलं त्याचा आशय असा, की मायदेशातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही. देवाच्या वचनापुढे वाकायला त्या नाही म्हणत नव्हत्या. माणसांचा प्रत्येक हुकूम देवाचा म्हणून घ्यायला त्या नाही म्हणत होत्या. ज्या बाईला आज्ञाधारक नाही म्हटलं, तिनंच पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातून बायका-मुली आणल्या, आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम केलं. देवाची इच्छा तिनं किती पाळली ते केडगावला जाऊन आजही बघता येतं.

जमिनीबद्दलही शास्त्र गप्प नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, मुलगा नाही. त्या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हालाही वतन द्या. मोशेनं आपल्या मनानं उत्तर दिलं नाही, त्यानं ते परमेश्वरापुढे नेलं. परमेश्वरानं सांगितलं की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना भाऊ नव्हता आणि तुम्हाला दोन आहेत, हा फरक मला मान्य आहे. पण हक्क मागायला तोंड उघडणं म्हणजे देवाविरुद्ध जाणं, असं म्हणणाऱ्याला या अध्यायाचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

लूकच्या १२व्या अध्यायात तर नेमकं तुमच्या घरासारखंच प्रकरण आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला मला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू नकार देतो. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, असं विचारतो आणि मग सगळ्यांनाच लोभापासून जपायला सांगतो. हा उतारा कधीतरी तुमच्यापुढे केला जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्या माणसाला वाटा मिळायला नको असं येशू म्हणाला नाही. वाटणीच्या भांडणात आपलं नाव वापरू देणं त्यानं नाकारलं. ते नाव भावानं वापरलं ते चुकलं, आणि उद्या तुम्ही "देवानंच मला वाटा दिलाय" म्हणून वापरलंत तर तेही चुकेल. लोभाचा इशारा दोन्हीकडे लागू आहे. तुमच्याकडे गरज आहे की राग आहे, की दोन्ही एकमेकांत मिसळलंय, हे तुम्हालाच बघावं लागणार.

वाटणी करणारा प्रभू नाही म्हणाला, तेव्हा ते काम कायद्याकडे जातं आणि कायदा इथे स्वच्छ आहे. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश त्याच्या पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली असा भेद नाही. केरळमध्ये त्रावणकोरच्या जुन्या कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाच्या चौथाई हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तिथेही १९२५चाच कायदा लागू असल्याचा निकाल झाला. तुमच्या चार एकरांचे १६० गुंठे होतात. पप्पांनी स्वतः घेतलेली जमीन असेल तर आईचे साधारण ५३ गुंठे आणि तुम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी साडेपस्तीस. फेरफार झालाय का, वारसनोंद कशी लागलीय, ते तलाठ्याकडून उतारे काढून एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा. मी वकील नाही, पण आकडा माहीत नसताना कुणी त्याग करू नये, एवढं सांगायला वकील लागत नाही.

हे सगळं तुमच्या बाजूचं झालं. आता जे सांगतो ते जड जाईल.

राग येतो असं तुम्ही लिहिलंत. लिहिलंत हे चांगलं केलंत, कारण प्रभुभोजनाच्या निमंत्रणात आपण जे ऐकतो त्यात पश्चात्तापाच्या शेजारी लगेच शेजाऱ्यावरची प्रीती येते. सगळे वाद मिटलेल्यांनीच यावं असं ते निमंत्रण म्हणत नाही, पण वैर जपत येणाऱ्याला ते थांबवतंच. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे उघड आहे. तेव्हा तुम्हाला जावं लागेल. चूक त्याची, मग मी का जाऊ, असा हिशेब इथे चालत नाही.

पण "समेट कर" म्हणजे "त्याचं म्हणणं मान्य कर" असं नव्हे. पौल रोमकरांना लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीनं राहा. तुमच्याकडून होईल तितकं. उरलेलं त्याच्याकडून व्हायचं आहे आणि त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाणार नाही. १९७० साली नागपूरला सीएनआय झाली तेव्हा तिच्यात आलेल्या मंडळ्यांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, लोकही होते. त्यांच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात नेमक्या या पेचासाठी पाळकांना सूचना आहे. दोघांत वैर असेल तर पाळकानं त्यांना मेजाशी घेऊ नये. पण एकानं मनापासून क्षमा केली, आपलं चुकलं ते भरून द्यायची तयारी दाखवली आणि दुसरा अडूनच बसला, तर तयारी दाखवणाऱ्याला प्रभुभोजन द्यावं, अडून बसलेल्याला नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांनीही भाऊबंदकी पाहिलेली असणार. तुमचा मेजाकडचा रस्ता भावाच्या सहमतीवर अवलंबून ठेवायचा नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

मी पाळक होतो त्या एका मंडळीत प्रभुभोजन बाकांवरच दिलं जायचं. मेजामागून सगळं दिसतं. पंच पहिल्या माणसाच्या हातात ट्रे देतो आणि मग तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जातो, छोट्या पेल्यांची किणकिण करत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलेल्या दोन जावा एका रविवारी जागा नसल्यामुळे एकाच बाकावर आल्या. ट्रे थोरलीकडे आला, तिनं आपला पेला घेतला आणि ट्रे मांडीवर धरून बसली. पुढे सरकवायचा तर धाकटीकडे बघावं लागणार होतं. आख्खी मंडळी थांबली होती. शेवटी तिनं न बघताच ट्रे आडवा धरला. धाकटीचा हात इतका थरथरत होता की पेला उचलेना, तेव्हा थोरलीनं दुसऱ्या हातानं ट्रेची कड उचलून तिच्या बाजूला कलती केली. एवढंच झालं. पाण्याचा वाद त्यानंतरही वर्षभर चालला, पंचांच्या बैठका झाल्या, मोटारीचं वेळापत्रक कागदावर आलं तेव्हा कुठे मिटला. मेजानं वाद मिटवला असं मी म्हणणार नाही. पण वाद चालू असताना त्या दोघी एकाच ट्रेमधून घेत राहिल्या, आणि बैठकीत बोलताना त्यांच्या तोंडून वाकडा शब्द निघायचा कमी होत गेला, हे मी पाहिलं आहे. दोघींपैकी एक जण फाटकाशी चपला घालून उभी राहिली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

तेव्हा रविवारच्या आधी गावी जाऊन या. फोनवर हे होणार नाही. वकिलाची नोटीस घेऊन तर मुळीच जाऊ नका. मोठ्याकडे जायच्या आधी धाकट्याकडे जा, कारण तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे आणि मला वाटतं त्याच्या वाट्याचं न्यायाचं बोलणं राहून गेलंय. तो गावी राहिला. रात्रीची लाइट आली की पाणी धरायला तो उठतो. पप्पांचं दुखणं, दवाखाना, आता आईचं सगळं, हे बहुतेक त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढलं असणार. कायदा या गोष्टी मोजत नाही, पण तुम्ही मोजायला हव्यात. त्याच्या बायकोला "वहिनी, तुम्ही आईचं केलंत" असं तुम्ही कधी तोंडावर म्हणालात का? नसेल तर बाकी काही बोलायच्या आधी ते म्हणा.

मग दोघा भावांना समोर बसवून सांगा. मी तुम्हाला शब्द देतो, तुम्ही तुमच्या पद्धतीनं बोला: "दादा, मला तुझा राग आला होता आणि तो मी मनात ठेवला, त्याबद्दल मला क्षमा कर. माहेर मला हवंय. जमीन विकायला लावून तुझी किंवा धाकट्याची चूल मी विझवणार नाही. पण पप्पांच्या मागे माझा हिस्सा आहे आणि आज माझ्या घरात गरज आहे. देवाचं नाव घालून माझ्याकडून सही घेऊ नका. आपण भावंडं म्हणून बोलू, किती, कसं आणि कधी ते." कसणाऱ्याकडे जमीन राहून तुम्हाला हप्त्यांनी रक्कम मिळू शकते. थोडा हिस्सा सोडून थोडा ठेवता येतो. आई आहे तोवर काहीच न हलवता तिच्या औषधपाण्याची सोय आधी करता येते. असे मार्ग घरोघर निघतात. मंडळीतला एखादा वडीलधारा बसवा, पण तो तुमच्या भावाच्या पंचमंडळातला नको.

आणि समजा, हे सगळं झाल्यावर, आकडा कळल्यावर, राग निवल्यावर, यजमानांशी बोलून तुम्हाला वाटलं की नको मला, घेऊ दे धाकट्याला. तर सोडा. मी अडवणार नाही, उलट तुमच्यासाठी देवाचे आभार मानीन. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्याची गोष्ट आहे, त्यानं शेत विकून काही पैसे मागे ठेवले आणि सगळे आणल्याचं सोंग केलं. तिथे पेत्र त्याला काय म्हणतो ते लोकांच्या लक्षात राहत नाही: विकायच्या आधी ते तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? ज्या मंडळीत कुणी आपलं काही म्हणत नव्हतं, त्या मंडळीतसुद्धा शेत कुणावर सक्तीनं सोडायला लावलेलं नव्हतं. खोटेपणाचा दोष लागला, जवळ ठेवण्याचा नाही. मनात नसताना, दंडाच्या भीतीनं, साडीचोळी घेऊन तुम्ही सही केलीत तर भावांना वाटेल तुम्ही दिलंत, मंडळीला वाटेल तुम्ही आज्ञा पाळलीत, आणि प्रार्थनेला डोळे मिटल्यावर दादाचा चेहरा तसाच समोर येत राहील. असं देणं देवानं मागितलेलं नाही.

मुलीला खरं सांगा. ती लहान असली तरी दृढीकरणाच्या वर्गाला बसायच्या वयाकडे येतेय. "मामाशी माझं जमिनीवरून भांडण आहे, म्हणून मी बाहेर जात होते, पण ते चूक होतं, आता थांबणार आहे," एवढं तिला पेलेल. प्रभुभोजन म्हणजे भांडण नसलेल्या मोठ्या माणसांचं काहीतरी, असं तिच्या मनात बसू देऊ नका.

तुमच्या पाळकांनाही पहिल्या रविवारच्या आधी भेटून हे सगळं सांगा. लपवण्यासारखं यात काही नाही. आणि भावाला तुमच्याआधी त्यांच्याशी बोलायचा मोह झाला, तर त्यांच्याकडे दोन्ही बाजू असतील.

राहिली आई. पत्रात तुम्ही तिच्या सहीचा उल्लेख करून पुढे गेलात, माझं मन मात्र तिथेच अडकलं. तुमच्या साडेपस्तीस गुंठ्यांवरून सगळं घर पेटलंय आणि तिचे ५३ गुंठे एका सहीत जायला निघालेत, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. कदाचित तिनं समजून, आनंदानं दिलं असेल. कदाचित जिथे बस म्हटलं तिथे बसून, जिथे कर म्हटलं तिथे तिनं सही केली असेल. गावी जाल तेव्हा भाऊ नसताना, स्वयंपाकघरात तिच्याशेजारी बसून विचारा: "मम्मी, त्या कागदात काय होतं, तुला वाचून दाखवलं का? तुझ्या म्हातारपणाचं काय ठरलंय?" ती काय म्हणते ते ऐकून घ्या आणि मला कळवा. तिचं उत्तर आल्याशिवाय तुमच्या सहीबद्दल मी याहून जास्त काही सांगणार नाही.